चोडणचे पक्षी मोजताना : एकाच वाटेवरील नियमित फेरीचे मोल

गोव्यात पक्षी पाहायचे म्हटले की मोले, बोंडला किंवा नेत्रावळीची घनदाट राने बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यासाठी पहाटे निघायचे, दूरचा प्रवास करायचा, चार-दोन छायाचित्रे काढायची आणि संध्याकाळी परतायचे, अशी या छंदाची सर्वसाधारण कल्पना आहे. सहल म्हणून तिच्यात काही गैर नाही. मात्र पक्ष्यांविषयी खरोखर काही जाणून घ्यायचे असेल, तर वर्षातून एकदा शंभर किलोमीटर दूर जाण्यापेक्षा घराजवळच्या एकाच वाटेवर वर्षातून पन्नास वेळा जाणे अधिक फलदायी ठरते. पणजीकरांच्या दृष्टीने अशी वाट फार लांब नाही. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली, की चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते.

१९८८ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे. गोव्यातील अभयारण्यांत ते सर्वांत लहान. धक्क्याला लागूनच कांदळवन सुरू होते. डोळ्यांत भरेल असा धबधबा येथे नाही, वाघ-बिबट्यांच्या कथा नाहीत. आहे तो चिखल, खारे पाणी, तिवरांची दाटी आणि दिवसातून दोनदा वर चढून दोनदा मागे हटणारी नदी. पक्ष्यांच्या लेखी मात्र हीच संपत्ती होय.

चिखलाची श्रीमंती

कांदळवन म्हणजे खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या संगमावर तग धरणारे जंगल. तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेले पेन्सिलीसारखे कोंब दिसतात. ती त्याची श्वसनमुळे असतात. चिखलात प्राणवायू फारसा नसल्यामुळे झाड तो हवेतून मुळांवाटे घेते. कांदळाच्या झाडाला खोडापासून कमानीसारखी उतरलेली आधारमुळे असतात. या मुळांच्या जाळ्यात गळून पडलेली पाने अडकतात, कुजतात आणि त्यांवर सूक्ष्म जीव, कृमी, कोळंबीची पिले, खेकडे व लहान मासे पोसले जातात. एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असलेले इवले खेकडे आणि पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारणारी निवटी यांची येथे रेलचेल असते.

या अन्नाच्या मागावर पक्षी येतात. प्रत्येकाची चोच व पाय वेगळे आणि प्रत्येकाची शिकारीची जागाही वेगळी. तुतारी हा छोटा पक्षी शेपटी सतत खालीवर हलवत पाण्याच्या कडेकडेने फिरतो आणि वरवरचे किडे टिपतो. लाल पायांचा टिलवा चिखलात बोटभर चोच खुपसतो. कुरलाची लांब, खाली वाकलेली चोच त्याहून खोल दडलेल्या किड्यांपर्यंत पोहोचते. ढोकरी मुळाच्या आडोशाला निश्चल उभी राहते. खंड्या फांदीवरून सूर मारतो. एवढ्याशा जागेत इतके पक्षी एकमेकांच्या तोंडचा घास न काढता कसे राहतात, याचे उत्तर या वाटणीत आहे.

खंड्यांसाठी तर चोडण विशेष प्रसिद्ध आहे. पांढऱ्या गळ्याचा खंड्या आपल्या अंगणातही दिसतो. त्याशिवाय चिमुकला निळा खंड्या, लाल दणकट चोचीचा मोठा खंड्या, काळ्या डोक्याचा खंड्या आणि पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा काळापांढरा खंड्या हेही या परिसरात आढळतात. पांढऱ्या मानेचा खंड्या गोव्यात दुर्मीळ. तो ज्या मोजक्या ठिकाणी दिसला आहे, त्यांत चोडणचे कांदळवन येते. ब्राह्मणी घार येथे बारमाही आहे. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड अधूनमधून आकाशात घिरट्या घालताना दिसतो आणि मासे पकडण्यात तरबेज असलेला कैकर हिवाळ्यात पाहुणा म्हणून येतो.

भरती-ओहोटीचे घड्याळ

जंगलातल्या पक्षीनिरीक्षणाला एकच घड्याळ पुरते, ते सूर्याचे. खाडीकाठी दुसरे घड्याळही पाहावे लागते, ते चंद्राचे. पूर्ण भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेलेला असतो. मग चिखलात चरणारे पक्षी झाडांवर, बांधांवर किंवा आतल्या शेतांत विसावतात. फिरायला आलेला माणूस अशा वेळी पोहोचला, तर ‘येथे काहीच नाही’ असे म्हणून परततो. ओहोटी लागली आणि चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली, की तासाभरात तीच जागा गजबजून जाते.

भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणपट्टीतल्या जुन्या मंडळींचा एक सोपा हिशेब आहे. तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. नदीमुखापासून जसजसे आत जावे, तशी ही वेळ काहीशी लांबते. नेमकी वेळ हवी असल्यास भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावे. फेरी ठरवण्यापुरता मात्र हा हिशेब उपयोगी पडतो.

त्याचा अर्थ असा, की पंचमीपासून अष्टमीपर्यंतच्या दिवसांत सकाळची फेरी ओहोटीच्या सोबतीने होते. पाणी उतरत जाते आणि पक्षी हळूहळू उतरून येतात. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उलटे घडते. पहाटे चिखल उघडा असतो आणि सकाळ चढते तसे पाणी चढत जाते. त्या वेळी पक्षी उरलेल्या पट्टीवर दाटीने जमतात व निरीक्षकाच्या अधिक जवळ येतात. दोन्ही वेळा चांगल्या. फक्त कोणत्या वेळी आपण गेलो होतो, हे वहीत लिहिलेले असले पाहिजे. अन्यथा एका रविवारी ८० पक्षी आणि पुढच्या रविवारी १० पक्षी का दिसले, याचे कारण आपण पक्ष्यांत शोधत बसू आणि ते असेल पाण्यात.

बारा महिन्यांचा हजेरीपट

नियमित फेरीचा पहिला लाभ म्हणजे ऋतूंची ओळख. गोव्याचे तीन ऋतू आपल्याला ठाऊक असतात. पक्ष्यांचे पंचांग त्याहून बारीक आहे.

जुलै संपता संपता, पाऊस अजून धो-धो कोसळत असतानाच, पहिली तुतारी खाडीकाठी दाखल होते. उत्तरेकडील प्रदेशांत तिचा विणीचा हंगाम तेव्हा आटोपलेला असतो. आपण ज्याला हिवाळी पाहुणा म्हणतो, तो असा भर पावसाळ्यात दार ठोठावतो. सप्टेंबरात धोबी पक्षी शेपटी नाचवत रस्त्यावर उतरतात आणि विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा दिसू लागतात. ऑक्टोबरात नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी बागांतून शीळ घालू लागतो. नोव्हेंबरपासून तळ्यांवर बदके जमू लागतात. करमळीच्या तळ्यावर अडई बदके, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी यांची गर्दी पाहण्याचा हाच काळ.

मार्च सुरू झाला की परतीचे वेध लागतात. या दिवसांत चिखल्या पक्ष्यांकडे लक्ष द्यावे. हिवाळाभर मळकट करडे दिसणारे हे पक्षी निघण्यापूर्वी छातीवर तांबूस रंग धारण करतात. वीण येथे होणार नाही, हजारो किलोमीटर दूर होणार आहे, तरी तिची वेशभूषा येथूनच सुरू होते. एप्रिलच्या अखेरीस बहुतेक पाहुणे गेलेले असतात. मे महिन्यात वाट ओस वाटते, पण स्थानिक पक्ष्यांचे घरटी बांधण्याचे दिवस तेव्हा जवळ आलेले असतात. जूनमध्ये ढोकरीच्या मातकट पाठीवर गडद किरमिजी झूल चढते, गायबगळ्यांची डोकी केशरी होतात आणि शेताकडेच्या माडांवर सुगरणीचे झोपाळे लटकू लागतात. वर्षातून एकदा, डिसेंबरच्या सुट्टीत, येणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही.

हे पाहुणे ज्या हवाई मार्गाने येतात, त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला हा मार्ग सुमारे ३० देशांतून जातो. वाटेतील एखादे तळे बुजले किंवा एखादी खाडी भरावाखाली गेली, तर तो दुवा तुटतो. आपल्याकडच्या चिखलपट्टीचा हिशेब यामुळे केवळ आपल्यापुरता राहत नाही.

ओळख कशी पटवावी

नवशिक्याची पहिली अडचण ओळखण्याची असते. पुस्तकात शेकडो चित्रे आणि समोरचा पक्षी दोन क्षणांत झाडीआड. येथे क्रम महत्त्वाचा आहे. रंगाकडे सर्वांत शेवटी पाहावे, कारण प्रकाशानुसार तो फसवतो. आधी आकार पाहावा. त्यासाठी परिचित पक्ष्यांची फूटपट्टी वापरावी : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग ठेवण पाहावी : पाय लांब की आखूड, चोच सरळ की वाकडी, शेपटी दुभंगलेली की गोल. त्यानंतर वागणूक. शेपटी कशी हलवतो, उडताना सरळ जातो की हेलकावे घेत जातो, एकटा आहे की थव्यात. या तीन गोष्टी वहीत टिपल्यावर पुस्तक उघडावे. आधी पुस्तक आणि मग पक्षी, असे केले की चित्रात जे असते तेच डोळ्यांना दिसू लागते.

बगळ्यांचेच उदाहरण घेता येईल. पांढरा दिसला की ‘बगळा’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु गायबगळ्याची चोच पिवळी व मान आखूड असते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे असतात. मोठ्या बगळ्याची मान इतकी लांब, की तिला मध्येच गाठ पडल्यासारखी दिसते. समुद्री बगळा तर करड्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही रूपांत आढळतो. पाच-सहा फेऱ्यांनंतर हे भेद डोळ्यांत बसतात आणि ज्या चिखलावर पूर्वी नुसते पांढरे ठिपके दिसत होते, तेथे चार वेगवेगळे शिकारी दिसू लागतात.

साधनांची यादी लहान आहे. वही, पेन्सिल, एक सचित्र पुस्तक आणि दुर्बीण. दुर्बिणीवर ८ × ४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. भिंग मोठे तर प्रकाश अधिक, म्हणून कांदळवनाच्या सावलीत आणि पहाटेच्या अंधुक उजेडात ४२ चे भिंग सोयीचे पडते. दहा किंवा अधिक पटीची दुर्बीण आकर्षक वाटते, पण होडीत ती हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते. नवशिक्याने आठ पटीवर समाधान मानावे.

मराठी नावांचा प्रश्न अनेकांना पडतो. एकाच पक्ष्याला विदर्भात एक नाव, कोकणात दुसरे आणि गोव्यात कोंकणीत तिसरे. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध करून पक्ष्यांची मराठी नावे मोठ्या परिश्रमाने एकत्र आणली. तो कोश हाताशी असावा. त्याचबरोबर आपल्या गावातील मच्छीमार, होडीवाले व शेतकरी जे नाव वापरतात, तेही वहीत लिहून ठेवावे. त्या नावात बहुधा पक्ष्याची सवय किंवा आवाज दडलेला असतो आणि ते नाव जाणणारी पिढी आता वृद्ध होत आहे.

वहीत काय लिहावे

पक्षी पाहणे आणि पक्ष्यांची नोंद करणे यांत एक मूलभूत फरक आहे. नोंद करणाऱ्याला आपण काय पाहिले याबरोबरच किती शोधले, हेही सांगावे लागते. म्हणून प्रत्येक फेरीच्या माथ्यावर पुढील गोष्टी लिहाव्यात : तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, चाललेले अंतर, भरती की ओहोटी, आकाशाची स्थिती आणि सोबत किती निरीक्षक होते. त्याखाली दिसलेल्या वा ऐकू आलेल्या प्रत्येक जातीचे नाव आणि संख्या.

‘प्रत्येक’ हा शब्द येथे कळीचा आहे. कावळा, साळुंकी, घार यांना वगळून फक्त समुद्री गरुडाची नोंद करण्याचा मोह होतो. अशा निवडक यादीचा उपयोग थोडा. यादी पूर्ण असेल, तरच जे तिच्यात नाही ते खरोखर दिसले नव्हते, असे मानता येते. समजा, एखाद्याने हिवाळ्यात त्याच वाटेवर २० फेऱ्या केल्या आणि त्यांपैकी १५ याद्यांत तुतारी आहे. म्हणजे ती ७५ टक्के फेऱ्यांत भेटली. काही वर्षांनी तितक्याच फेऱ्यांत ती सहाच याद्यांत आली, तर प्रमाण ३० टक्क्यांवर उतरले. तुताऱ्या एकूण किती, हे कोणालाच मोजता आलेले नसते, तरी घसरण कागदावर उतरलेली असते. मात्र वाट, ऋतू आणि वेळ शक्यतो तीच ठेवायला हवी. एका वर्षी एक तास व पुढच्या वर्षी चार तास चाललो, तर वाढ पक्ष्यांची नसून पावलांची असेल.

ही वही घरात पडून राहू नये, यासाठी आज सोय आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘ई-बर्ड’ या संगणकीय नोंदवहीत जगभरातील निरीक्षक आपल्या याद्या भरतात. भारतातही तिचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि फेब्रुवारीत चार दिवसांची परसातील पक्षीगणना. दोन्हींत हौशी मंडळींना भाग घेता येतो. केरळने २०१५ ते २०२० या काळात शेकडो स्वयंसेवकांच्या पायपिटीवर संपूर्ण राज्याचा पक्षी-नकाशा तयार केला. ते काम करणाऱ्यांत पगारी शास्त्रज्ञ थोडे आणि शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त मंडळी अधिक होती.

नोंदी काय सांगतात

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. २०२३ च्या अहवालासाठी ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता येण्याजोगी माहिती होती, त्यांपैकी सुमारे ६० टक्के जातींत घट आढळली. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या नीलकंठाचाही घटणाऱ्या पक्ष्यांत समावेश आहे. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर येणारे तलवार बदकही त्याच यादीत आहे. दुसरीकडे मोर आणि कोकीळ यांची संख्या वाढताना दिसते. म्हणजे ‘सगळेच पक्षी कमी झाले’ हे सरसकट विधानही खरे नाही आणि ‘परवाच तर एवढे मोर पाहिले’ या समाधानालाही अर्थ नाही. कोणता पक्षी, कोठे आणि किती काळात, हे प्रश्न नोंदीशिवाय सुटत नाहीत.

गोव्यालाही अशा नोंदींची परंपरा आहे. सलीम अली आणि रॉबर्ट ग्रब यांचा गोव्यातील पक्ष्यांवरील लेख १९७६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे गोव्यात राहून वर्षानुवर्षे नोंदी ठेवणाऱ्या हाइन्झ लायनर यांनी १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात अधिक विस्तृत यादी दिली. आज गोव्यात साडेचारशेंहून अधिक जातींची नोंद आहे. एवढ्याशा राज्याला ही संख्या भूषणावह खरी. पण नुसत्या यादीत एक उणीव राहते. एकदा नाव चढले की पक्षी नाहीसा झाला, तरी ते उतरत नाही. तो अजून येतो का आणि किती येतो, हे फक्त पुन्हा पुन्हा त्याच वाटेवर जाणारा माणूस सांगू शकतो.

येथे मानवी स्मृतीच्या मर्यादेचाही विचार करावा लागतो. प्रत्येक पिढी आपल्या बालपणी जे पाहिले, ते ‘मूळ’ समजते. आजोबांना तळे बदकांनी भरलेले आठवते, वडिलांना थोडी बदके, तर मुलाला मोकळे पाणीच स्वाभाविक वाटते. ऱ्हास असा पिढ्यांत विभागला गेला, की कोणालाच तो पूर्णपणे जाणवत नाही. तारखेसह लिहिलेली संख्या मात्र पिढ्या ओलांडून तशीच राहते.

बांध, मानस आणि कांदळ

चोडणच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथील निसर्गात माणसाचा हात शतकानुशतके मिसळलेला आहे. मांडवी-जुवारीच्या खोऱ्यांत गोमंतकीयांनी बांध घालून खाऱ्या दलदलीतून जी शेती निर्माण केली, ती खाजन शेती. चिखल, दगड व गवत यांचे बांध आणि त्यांत बसवलेली मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी, हे तिचे प्राण. भरतीच्या दाबाने मानशीचे दार आपोआप बंद होते, ओहोटीला उघडते आणि आतले जादा पाणी नदीत जाते. पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. भातानंतर त्याच शेतात मासे व कोळंबी मिळते.

पक्ष्यांनी या व्यवस्थेत आपली जागा शोधली. पावसाळ्यात नांगरणीमागे बगळे, कापणीनंतर ओल्या शेतात करकोचे व टिटव्या, हिवाळ्यात उथळ पाण्यात बदके, आणि रात्री मुक्कामाला सर्वांना कांदळवन. शेत, पाणी, चिखल आणि झाडी या चौघांची ही भागीदारी होती.

शेती परवडेनाशी झाली, माणसे नोकरीसाठी बाहेर पडली आणि बांधांची डागडुजी राहून गेली, की बांधाला भगदाड पडते. खारे पाणी आत शिरते, भातशेती संपते आणि काही वर्षांत तेथे कांदळ उगवते. दुरून पाहणाऱ्याला हिरवाई वाढलेली दिसते. कांदळवनाचे महत्त्व निर्विवाद आहे : ते किनाऱ्याची धूप रोखते, मत्स्यबीजाला आसरा देते, कायद्याचे संरक्षणही त्याला योग्यच मिळाले आहे. तरीही मोकळ्या चिखलावर चरणाऱ्या टिलवे-चिखल्यांना दाट झाडी नको असते. शत्रू दुरून दिसावा, यासाठी त्यांना सपाट, उघडी जागा लागते. तलवार बदकाला उथळ, मोकळे पाणी लागते. त्यांच्या दृष्टीने फुटलेल्या बांधामागचे दाट कांदळवन म्हणजे गमावलेले घर. उलट खंड्या, ढोकरी आणि घरटी करणारे पाणकावळे यांना ते लाभदायक ठरेल. म्हणून ‘हिरवे वाढले, म्हणजे पक्षी वाढले’ हे समीकरण पडताळून पाहावे लागते आणि त्यासाठी दोन्ही ठिकाणच्या, शेतातल्या व कांदळवनातल्या, नियमित याद्या लागतात.

दुसरी बाजूही आहे. पडीक खाजन भराव टाकण्यास सोपे समजले जाते. जमिनीच्या रूपांतराचा प्रश्न गोव्यात किती तीव्र आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. एखाद्या पाणथळ जागेचा बचाव करायची वेळ येते, तेव्हा ‘येथे पूर्वीपासून पक्षी येतात’ हे वाक्य कोणत्याही सुनावणीत फार काळ टिकत नाही. सलग दहा हिवाळ्यांच्या, तारीख-वेळ-संख्या असलेल्या याद्या टेबलावर ठेवल्या, तर त्यांचा प्रतिवाद करण्यास समोरच्यालाही तितकीच माहिती आणावी लागते. कुडचडे येथील नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. गोव्यातील ते पहिलेच रामसर स्थळ. पाणथळ जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्व द्यायचे की नाही, हे ठरवण्याच्या रामसरच्या निकषांत पाणपक्ष्यांच्या संख्येलाही स्थान आहे. चिखलात उभे राहून मोजलेले पक्षी असे थेट निर्णयाच्या कागदापर्यंत पोहोचू शकतात.

काही पथ्ये

पक्ष्यांवरील प्रेम त्यांना त्रासदायक ठरू नये, एवढी काळजी निरीक्षकाने घ्यायलाच हवी. विसावलेला थवा जवळून पाहण्यासाठी उडवू नये. स्थलांतराच्या तयारीत असलेल्या पक्ष्याला प्रत्येक अनावश्यक उड्डाण महाग पडते, कारण साठवलेल्या चरबीवरच त्याचा पुढचा प्रवास अवलंबून असतो. भ्रमणध्वनीवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे टाळावे. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला असे समजून तो चारा सोडून धावत येतो. घरट्याजवळ जाऊ नये, आणि घरटे किंवा दुर्मीळ पक्ष्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये. मळकट रंगाचे कपडे घालावेत व आवाज हळू ठेवावा.

स्वतःची सुरक्षाही महत्त्वाची. कांदळवनातील चिखल वरून घट्ट दिसला, तरी गुडघ्यापर्यंत पाय रुततो, म्हणून पायवाट सोडू नये. चोडणच्या वरच्या अंगाला, कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात, मगरींचा वावर आहे. पाण्याच्या काठाशी बसून राहण्याचा मोह आवरावा. आतल्या ओढ्यांतून होडीने जायचे असेल तर पुरेसे पाणी लागते. त्यासाठी भरतीची वेळ निवडावी आणि वनखात्याच्या परवानगीनेच जावे.

आरंभ करण्यासाठी

सलीम अली यांचे या शास्त्राकडे वळणे सर्वज्ञात आहे. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती कोणती, हे विचारण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर, देशभर राष्ट्रीय पक्षी दिन म्हणून पाळला जातो. पाहुणे पक्षी तोवर आलेले असतात, पाऊस थांबलेला असतो आणि हवा स्वच्छ असते. पहिल्या फेरीसाठी हा मुहूर्त उत्तम. मात्र ती पहिलीच फेरी शेवटची ठरू नये.

चोडणला जाणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठीही गोव्यात वाटा पुष्कळ आहेत. करमळीचे तळे, दिवाडीची शेते, गावाबाहेरचा ओढा, देवराई, मिठागराचा बांध, किंवा अगदी घरामागची कुळागराची पायवाटही चालेल. अट एवढीच, की ती घरापासून इतक्या जवळ असावी की आठवड्यातून एकदा तासभर तेथे जाणे ओझे वाटू नये. वाटेचा आरंभ आणि शेवट पक्का ठरवावा. पहिल्या महिन्यात २० जाती ओळखता आल्या, तरी पुष्कळ झाले. न ओळखता आलेल्या पक्ष्यापुढे प्रश्नचिन्ह घालून वर्णन लिहावे, अंदाजाने नाव देऊ नये. पहिल्या वर्षीच्या वहीतून फारसा निष्कर्ष निघणार नाही. दुसऱ्या वर्षी ऑगस्ट महिन्यात तुतारी कोणत्या तारखेला परतली, हे गेल्या वर्षीच्या पानाशी ताडून पाहता येईल. तिसऱ्या वर्षी, ती आली नाही तर, निदान एका माणसाला ते कळेल आणि ते सांगण्यासाठी त्याच्या हातात पुरावा असेल.